झोप बसेपर्यंत

दुसऱ्यांची मुलं विमानातून पोचती करणं हाही एक धंदा असू शकतो, हे घड्याळमावशीच्या नवऱ्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेही बायको निघायच्या आदल्या दिवशी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वर जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्याला एरवी आदर होता. "जा," तो म्हणाला, "पण मध्येच अडकलीस तर मला बोलावू नकोस. माझं काम इमारतीपुरतं."

त्याआधी ती एका पाळणाघरात मदतनीस होती. तिथल्या एका मुलीचे आईबाप परदेशात कामाला होते. त्यांनी मुलगी मागवली, आणि तिच्या आजोबांना तर विमान दुरून दिसलं तरी घाम फुटायचा. पाळणाघरवाल्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि रिकाम्या हाताने उभी असलेली एकच बाई त्यांना दिसली. मावशी तोवर विमानात बसली नव्हती. मुलगीही बसली नव्हती. दोघी वाटेत भरपूर रडल्या. मावशी फक्त आवाज न करता.

पोचल्यावर तिला कळलं की पोचवणं हे निम्मंच काम आहे. मुलीचं शरीर आलं होतं, झोप मागेच राहिली होती. ऐन मध्यरात्री ती शाळेला निघाल्यासारखी टवटवीत उठायची आणि दुपारी ताटात तोंड घालून झोपायची. आईबापांना पहाटे कामावर जायचं असायचं. त्यांचे डोळे तांबारले, मग आवाज चढले, मग दोघांनी एकमेकांच्या घराण्यातल्या झोपांचा उद्धार केला. मावशीची परतीची तारीख जवळ आली तेव्हा ते दोघे तिच्यासमोर हात जोडून उभे होते: हिची झोप बसेपर्यंत थांबा.

ती थांबली, आणि धंदा सुरू झाला. कामासाठी दूर गेलेले, तान्ही मुलं आजी-आजोबांकडे ठेवून गेलेले आणि शाळेचं वय झालं की ती परत मागणारे आईबाप जगात इतके असतील असं तिला वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात लोकरीचे कपडे ट्रंकेत ठेवावेत तशी लोकांनी मुलं ठेवली होती, आणि आता थंडी पडली होती. घड्याळमावशी हे नाव मुलांनी दिलं असं ती सांगायची. खरं तर ते एका आगाऊ बापाने दिलं होतं, पण मुलांनी दिलं म्हटलं की बरं वाटतं.

तिची पद्धत साधी होती आणि ती कुठे शिकून आली नव्हती. चुकत चुकत जमलेली होती. निघण्याआधी काही दिवस मुलाचं जेवण आणि झोप थोडी थोडी सरकवायची. विमानात पाणी पाजत राहायचं. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पडदे उघडायचे आणि दिवसा मुलाला उजेडात हिंडवायचं, पाय दुखेपर्यंत. दुपारी फार झालं तर तासभर झोपू द्यायचं, मग तोंडावर गार पाण्याचा हात फिरवून उठवायचं. त्यासाठी मुलाचे शाप घ्यायची तयारी ठेवायची. भूक लागेल तेव्हा नाही, इथल्या वेळेला जेवायचं. रात्री उठलं तर मोठा दिवा लावायचा नाही, खेळ मांडायचा नाही, अर्धं केळं द्यायचं आणि कंटाळा येईल असं बोलत राहायचं. या शेवटच्या कलेत आपल्या बायकोचा हात धरणारं कोणी नाही, असं लिफ्टवाल्याचं मत होतं.

तिच्या स्वतःच्या झोपेचं मात्र मातेरं झालं होतं. इकडची मुलं तिकडे नेता नेता तिचं शरीर कुठल्याच गावाला लागेनासं झालं. घरी आली की ती जेवायच्या वेळेला ब्रश करायची आणि नवरा झोपायला निघाला की भाजी निवडायला बसायची. "आमची ही परत येते त्याच दिवशी," तो शेजाऱ्यांना सांगायचा, "पण पोचते चार दिवसांनी." शेजारी हसायचे. तीही हसायची, जरा उशिराने.

या पद्धतीतल्या एका नियमावर तिचा सगळ्यात जास्त भरवसा होता. झोप बसेपर्यंत मागच्या घरचा आवाज कानावर पडू द्यायचा नाही. फोन नाही, फोनवरचं तोंड नाही, काही नाही. हा नियम तिला एका पोराने शिकवला होता. ते छान रुळलं होतं, रात्रीची रात्री झोपायला लागलं होतं, आणि मग कोणीतरी कौतुकाने त्याच्या आजोबांना फोन लावून दिला. आजोबा नुसते "काय रे" म्हणाले. त्या "काय रे"ने सगळी मेहनत मातीत गेली. पोर पुन्हा तिकडच्या रात्री झोपू लागलं आणि इकडच्या रात्री दाराशी बसू लागलं. तेव्हापासून मावशीने फोन बंद केला. आणि नियम लागू पडला, हे नाकारता येत नव्हतं. मुलं दोन-तीन दिवस मागच्या माणसाचं नाव घ्यायची, मग घ्यायची नाहीत, मग झोपायची. नाव घेणं थांबलं की झोप येते, हे तिने पुष्कळदा पाहिलं होतं. त्यातलं कशामुळे काय होतं, याचा विचार करायला तिला कधी वेळ मिळाला नाही. लगेच पुढचं मूल असायचं.

बटणाची आजी खिडकीतून अंडी आणि पाव विकायची. पुढच्या खोलीची खिडकी हेच दुकान. बटण जन्मला तेव्हा एवढासा होता की हरवेल अशी भीती वाटायची, म्हणून तिने त्याचं नाव बटण ठेवलं होतं. त्याचे आईबाप त्याचं अंगावरचं दूध सुटल्यावर लगेच परदेशात कामाला गेले. आता तो गिऱ्हाइकांना अंडी मोजून द्यायचा, फुटली की "आधीच फुटलं होतं" म्हणायचा, आणि आजीला आई म्हणायचा. त्याची खरी आई रोज फोनमध्ये यायची. तिला तो फोनमधली म्हणायचा, सलगीने, जशी आपण कोपऱ्यावरची म्हणतो.

मावशी त्याला न्यायच्या आधी आठवडाभर आजीकडे राहिली. झोप सरकवण्याचं काम दोघींनी मिळून केलं. आजी शिस्तीची होती. मावशीने सांगितलं त्याहून अर्धा तास जास्तच सरकवायची. एका दुपारी बटण शेजारणीकडे खेळत असताना आजीने खिडकी लावून घेतली. भर दुपारी दुकान बंद झालेलं पाहून मावशीला चमत्कारिक वाटलं.

"तुला एक सांगते," आजी म्हणाली. "पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी हात वर केलेत. म्हणून त्याला आत्ता पाठवतेय, नाहीतर अजून वर्षभर ठेवला असता."

"लेकीला माहीत आहे?"

"बरं नाहीये एवढं माहीत आहे. एवढंच राहू दे. ती तिथून येऊ शकत नाही, नोकरी सोडून आली तर परत जाता येणार नाही. कळलं तर ती येईल आणि मग तिकडचं सगळं बसेल." आजीने पदराने खिडकीच्या कट्ट्यावरची न दिसणारी धूळ पुसली. "तू तिला सांगायचं नाहीस. आणि दुसरं. तिथे गेल्यावर त्याचं माझ्याशी बोलणं करून द्यायचं. एकदाच. मी आहे तोवर. त्याला सांगायचंय की मी त्याला पाठवला, टाकला नाही. इथे सांगितलं तर जाणारच नाही तो, भोंगा पसरेल. तिथून ऐकेल."

"झोप बसली की लगेच," मावशी म्हणाली.

"कधी बसते?"

"आठवड्याच्या आत-बाहेर. मुलावर असतं."

"माझ्यावरही आहे थोडं," आजी म्हणाली आणि खिडकी उघडायला उठली. बाहेर कोणीतरी पावासाठी खोळंबलं होतं.

लेकीचं घर म्हणजे एका उंच इमारतीतल्या दोन खोल्या. खिडक्यांना दोन-दोन काचा होत्या, त्यामुळे रस्ता दिसायचा पण ऐकू यायचा नाही. बाप सामानाची गाडी चालवायचा आणि अंधारातच निघून जायचा. आई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत कामाला होती. मुलासाठी त्यांनी एक पलंग घेतला होता, त्यावर मोटारीचं चित्र होतं. बटणाने तो पाहिला आणि विचारलं, "हा कोणाचा?"

"तुझा."

"मग आई कुठे झोपणार?"

"मी तिकडच्या खोलीत," आई म्हणाली.

"तू नाही. आई."

ती एवढी वर्षं या दिवसाची वाट पाहत होती. ती हसली, पण चेहऱ्यावर गार पाणी मारल्यासारखं. बटणाने तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. ती फोनमध्ये होती तेव्हा छातीपर्यंतच होती. खाली पाय बघून तो बिचकला होता. "तू परत फोनमध्ये जा ना," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तिथे बरी दिसतेस."

बाप मोठ्याने हसला आणि मग एकटाच हसतोय हे लक्षात येऊन गप्प झाला.

पहिले दिवस ठरल्याप्रमाणे गेले. बटण रात्री उठायचा, दाराची कडी बघायचा, मावशी त्याला अर्धं केळं द्यायची आणि कंटाळवाणं बोलायची. सकाळी ती त्याला घेऊन बाहेर पडायची. रस्ता, बाग, बसथांबा, पुन्हा बाग. तो चालता चालता झोपायचा, अक्षरशः, पाय चालत आणि मान पडत. मावशी त्याला हलवायची. "ऊठ. दिवस आहे." "माझा नाहीये," तो म्हणायचा.

आजीचा फोन लेकीला रोज यायचा. इथली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. खिडकी बंद केली की आजी फोन घेऊन बसायची. लेक कामावर निघण्याच्या गडबडीत असायची. "मावशी म्हणतात आत्ता नको, त्याची झोप बिघडते... हो गं, खातो... हो, सांगते... आई, मला बस पकडायचीय." फोन ठेवल्यावर ती मावशीकडे बघायची आणि मावशी मान हलवायची, बरोबर केलंस अशी. दोघींचं या बाबतीत झकास जुळलं होतं. मावशीला नियम पाळायचा होता. आईला मुलगा हवा होता. आपल्याला इतकी वर्षं फोनमध्ये ठेवून जो मुलगा दुसऱ्या बाईच्या कुशीत झोपला, त्याच्याशी आता ती दुसरी बाई फोनमधून बोलणार, हा हिशेब तिला सोसवत नव्हता. हे ती बोलली नाही. ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे मावशी. सवय मोडायला हवी."

खिडकी लावून घेतलेली ती दुपार मावशीला आठवायची. पण आजी फोनवर धडधाकट बोलत होती, पावाच्या भावावर तक्रार करत होती. गाठवाली माणसं महिनोन् महिने काढतात. आणि आज फोन लावला, उद्या पोरगा पुन्हा दाराशी बसला, तर सगळं पहिल्यापासून. झोप बसली की लगेच. ती स्वतःलाच तेच सांगायची, रात्री मुलांना सांगायची त्याच सुरात.

पण बटणाची झोप बसेना. आठवडा उलटला. तो नाव घेणंही थांबवेना. इतर मुलं दोन-तीन दिवसांत गप्प होत. हा रोज सकाळी उठून, म्हणजे न झोपता उठून, पहिला प्रश्न तोच विचारायचा: आई कुठे? शेवटी मावशीने जन्मात केला नव्हता तो सौदा केला. बागेतल्या बाकावर त्याला शेजारी बसवून म्हणाली, "बटण, तू रात्रभर झोपलास ना, की सकाळी आजीला फोन. नक्की."

"रात्रभर म्हणजे कुठपर्यंत?"

"उजाडेपर्यंत. न उठता."

त्याने बराच विचार केला. "आणि नाही झोप आली तर?"

"डोळे मिटून पडायचं. येते."

ही शेवटची सूचना देताना तिने जरा विचार करायला हवा होता.

त्या रात्री बटण मोटारीच्या पलंगावर आडवा झाला तो सकाळपर्यंत हलला नाही. आईने दोनदा दारातून डोकावून पाहिलं आणि दोन्ही वेळा पदराने डोळे पुसले. सकाळी तिने तिकडे फोनवर सांगूनही टाकलं, "आई, काल झोपला बरं का! मावशींना विचारते, आज बोलणं करून देतील." पलीकडून काय उत्तर आलं ते मावशीला कळलं नाही, पण लेक एकदम मऊ झाली. "हो गं. थांब ना जरा."

मावशी मात्र खूश नव्हती. तिने रात्री त्याच्याजवळ बसून पाहिलं होतं. झोपलेल्या मुलाची मूठ सुटते. हे तिला इतक्या मुलांनी दाखवलं होतं की त्यात चूक होणं शक्य नव्हतं. बटणाच्या मुठी आवळलेल्या होत्या, थेट उजाडेपर्यंत. तो एक क्षणही झोपला नव्हता. ओंडक्यासारखा पडून होता. आणि आता केस विंचरून, स्वतःच स्वतःचे मोजे उलटे चढवून, फोनजवळच्या खुर्चीवर येऊन बसला होता.

"झोपलो," त्याने जाहीर केलं.

"नाही," मावशी म्हणाली. "तू नाटक केलंस. तुझी मूठ बंद होती. झोपलेल्या माणसाची मूठ उघडी असते."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, जशी काही त्यांनी चहाडी केली होती.

"खरी झोप हवी," ती म्हणाली. "खोटी चालत नाही." आवाजात तिने राग आणला नव्हता. चोख माणसाचं समाधान तेवढं होतं. इतक्या वर्षांच्या अनुभवाला एवढंसं पोर फसवू पाहत होतं आणि फसवू शकलं नव्हतं. आईने मध्ये पडायचा प्रयत्न केला. "जाऊ दे ना मावशी, दोन मिनिटं..."

"आज दिली तर तो रोज असाच पडून राहील. झोप कधीच बसणार नाही. एक दिवस थांबा. उद्या."

आईने घड्याळाकडे पाहिलं, बस होती. तिने फोन कानाला लावला. "आई, उद्या गं. मावशी म्हणतात उद्या नक्की." तिने फोन पिशवीत टाकला आणि गेली.

बटण रडला नाही. त्या दिवशी तो बागेत काही बोलला नाही, दुपारी पेंगला नाही, जेवला नीट. रात्री स्वतःहून पलंगावर गेला. मावशी जवळ बसली. थोड्या वेळाने तिने पाहिलं तर दोन्ही हात उशीच्या बाजूला पसरलेले, बोटं सैल, तळवे वर. तिचा जीव भांड्यात पडला. बसली एकदाची. तिने दिवा मालवला आणि कितीतरी महिन्यांनी ती स्वतः गाढ झोपली.

सकाळी ती उठली तेव्हा आईबाप केव्हाच कामावर गेले होते. बटण खुर्चीवर बसलेला होता. मोजे आज सुलटे होते. तिने काही न विचारता आपल्या फोनवरून आजीचा नंबर लावला. वचन पाळणाऱ्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा होता.

पलीकडे बराच वेळ घंटा वाजली. मग उचलला तो शेजारणीने.

"कोण? तुम्ही का? अहो, मी सकाळपासून तुमच्या बाईला लावतेय, लागतच नाही. गेल्या हो. आज सकाळीच. मी पाव घ्यायला गेले तर खिडकी बंद. मागून गेले, तर..." शेजारीण रडली, नाक ओढलं, पुढे बोलली. "काल रात्री मी म्हटलं झोपा आता, तर म्हणाल्या, उद्या बटणाचा फोन यायचाय, आत्ता झोपले तर उद्या आवाज बसलेला यायचा. फोन मांडीवरच होता हो."

तिथली सकाळ म्हणजे इथली रात्र. दिवा मालवून मावशी गाढ झोपली होती तेव्हा.

तिने फोन खाली ठेवला. बटणाने हात पुढे केला. "दे."

"आजी नाहीये."

"दुकानात गेली?"

"नाही." मावशीने दुसरा शब्द शोधला. मुलांना सांगायचे मऊ शब्द तिच्याकडे ढीगभर होते, पण त्यातला एकही आत्ता तिला हाताशी लागला नाही. "आजी मेली, बटण. आज मेली."

त्याने हात मागे घेतला नाही. तो तसाच पुढे राहिला, रिकामा. मग त्याने तो मावशीला दाखवला, उलटा-पालटा करून.

"मी मूठ उघडी ठेवली होती," तो म्हणाला. "रात्रभर. दुखली."

मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि तिला त्याला जवळ घ्यायचं सुचलं तेव्हा तो आधीच खुर्चीवरून उतरून दाराकडे गेला होता. कडीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. ती उठली आणि तिने कडी काढली, कारण कुठेतरी जायलाच हवं होतं, आणि आईला सांगायला हवं होतं.

लाँड्रीत कामगारांचे फोन बाहेरच्या कपाटात कुलपात असायचे. आत वाफ होती आणि आवाज एवढा की माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायची. इस्त्रीच्या लांबच लांब रुळांमधून चादरी गरम होऊन बाहेर यायच्या आणि दोघी दोघी बायका टोकं पकडून त्यांच्या घड्या घालायच्या. बटणाच्या आईने मावशीला दारात पाहिलं, मग मुलाला पाहिलं, आणि तिच्या हातातलं टोक सुटलं. तिच्या जोडीदारणीला काही सांगावं लागलं नाही. तिने आपलं टोक मावशीच्या हातात दिलं आणि बाजूला झाली.

"बाबा?" आईने विचारलं. म्हणजे बटणाचा बाप.

"नाही. तुझी आई."

चादरी थांबत नव्हत्या. मागची बाहेर यायला लागली की पुढची घ्यावीच लागायची, नाहीतर सगळं खाली ओल्या फरशीवर. आईने यांत्रिकपणे टोक उचललं. मावशीने समोरचं धरलं. "कोपरा धरा," आई म्हणाली. "मधे नाही. कोपरा." दोघी जवळ आल्या, घडी झाली, दोघी लांब गेल्या.

"काय झालं तिला?"

मावशीने सांगितलं. गाठ, डॉक्टर, खिडकी लावून घेतलेली दुपार. सगळं, पुढच्या दोन-तीन चादरींत.

"तुम्हाला माहीत होतं."

"त्यांनी सांगू नको म्हणून..."

"तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला रोज मान हलवून दाखवत होतात." ती ओरडली नाही, त्या आवाजात ओरडून उपयोगही नव्हता. दोघी जवळ आल्या तेव्हा ती अगदी कानाशी बोलली. "मी रोज तिला तोडत होते. आई, बस आहे. आई, उद्या. मला वाटत होतं तिला नातू सुटत नाहीये. मला वाटत होतं, बरं झालं, कळू दे जरा तिलाही." घडी झाली. लांब जाता जाता तिचा चेहरा वाफेत गेला आणि परत आला. "बोलायला फोन करत होती ती. माझ्याशीसुद्धा. नाही का?"

मावशी म्हणाली, "झोप बसली की लगेच लावणार होते." हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडल्यावर ते किती हास्यास्पद आहे हे तिला ऐकू आलं. आईने कोपरा तेवढा ओढून घेतला.

बटण भिंतीशी उभा होता. घडी केलेल्या चादरी ज्या ढकलगाडीत पडत, तिच्यापाशी तो गेला आणि गरम चादरींना त्याने गाल लावून पाहिला. मग तो आईकडे आला. मावशीकडे नाही. तिचा कामाचा झगा धरून म्हणाला, "मी झोपू?"

दिवस होता. काचांमधून लख्ख उजेड येत होता. आईने मावशीकडे पाहिलं, सवयीने. मग तिने एका हाताने त्याला उचललं, ढकलगाडीत चादरींवर ठेवलं आणि परत येऊन टोक धरलं. तो ताबडतोब झोपला, तोंड उघडं टाकून, एक पाय बाहेर. त्याच्या मुठीकडे कोणी पाहिलं नाही.

मग मुकादमीण आली. जाडजूड, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग असलेली बाई. तिने गाडीत डोकावून पाहिलं. "हे काय? मुलं आत आणायची नाहीत, माहीत आहे ना?"

आईने तोंड उघडलं. आई मेली हे वाक्य तिला अजून जमत नव्हतं. "जेट लॅग आहे त्याला," ती म्हणाली.

मुकादमीणबाईंचा चेहरा लगेच निवळला. "हो का? माझ्या भाचीला झाला होता. लई दमवलं तिने." तिने एक सुकी चादर ओढून पोराचा बाहेर आलेला पाय झाकला. "किती दिवस राहतो हो हा?"

आईने पुन्हा मावशीकडे पाहिलं. या वेळी सवयीने नाही.

"सांगता येत नाही," मावशी म्हणाली.

मुकादमीणबाई मान हलवत पुढे गेल्या. रुळांतून पुढची चादर बाहेर येत होती. दोघींनी आपापला कोपरा धरला.